नीरा-भीमेचं पाणी कसं आहे? उत्तर ३ मिलिमीटरच्या किड्याकडे आहे, पण आधी त्याचं नाव कळायला हवं

२०२४ चा फेब्रुवारी महिना आठवतोय? पुण्याच्या खराडी-केशवनगर भागातला एक व्हिडिओ तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरत होता. मुळा-मुठा नदीवर आभाळात काळे खांब उभे राहावेत, तसे किड्यांचे थवे. सोशल मीडियाने त्याला लगेच 'डासांचं वादळ' असं नाव देऊन टाकलं. काही जाणकारांनी मात्र तेव्हाच लक्षात आणून दिलं, की असे खांब करून उडणारे किडे बऱ्याचदा डास नसतात. ते असतात 'कायरोनोमिड'. दिसायला डासासारखे, पण न चावणारे.

पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, दुसरी बातमी आली. उजनी धरणाच्या पाण्यात लाल अळ्या सापडल्या. या अळ्याही कायरोनोमिडच्याच.

बातम्या दोन, पण पाणी एकच. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. भीमा दौंडवरून इंदापूर तालुक्याकडे येते आणि तिथे उजनीचा फुगवटा पसरलेला आहे. म्हणजे पुण्यात नदीत जे सोडलं जातं, ते इंदापूरच्या दारात येऊन थांबतं.

या लाल अळ्यांमुळे एक गोष्ट बऱ्याच लोकांना पहिल्यांदा कळली, ती म्हणजे पाण्यातले किडे पाण्याची तब्येत सांगतात. पण लाल अळी बोलते ती पाणी बिघडल्यावर. बिघाड सुरू होतानाच काही सांगू शकतील असे किडे कोणते? त्यातला एक मोठा गट म्हणजे कॅडिसफ्लाय. आणि त्या गटातलं सगळ्यात मोठं कुळ आहे सगळ्यात छोट्या किड्यांचं. हे किडे इतके छोटे, की समोर असले तरी वाळूचा कण समजून सोडून दिले जातात.

हा किडा काय आहे, त्याला ओळखणं इतकं अवघड का आहे आणि बारामती-इंदापूरच्या पाण्याशी त्याचा संबंध काय, हे समजून घेऊया.

कॅडिसफ्लाय म्हणजे नेमकं काय?

मराठीत या किड्याला रूढ असं नाव नाही. त्यामुळे इथे कॅडिसफ्लाय हाच शब्द वापरलाय. नावात 'फ्लाय' असलं तरी ही माशी नव्हे. तिचं सगळ्यात जवळचं नातं आहे फुलपाखरं आणि पतंगांशी. दोघांचे पूर्वज एकच होते. पुढे फुलपाखरांच्या पंखांवर खवले आले, कॅडिसफ्लायच्या पंखांवर केस राहिले. त्यावरूनच या गणाला 'ट्रायकॉप्टेरा' हे शास्त्रीय नाव मिळालं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'केसाळ पंखांचे'. हे नाव विल्यम कर्बी या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १९ व्या शतकाच्या सुरुवातीला दिलं.

जगात कॅडिसफ्लायच्या १६ हजारांहून जास्त प्रजातींची नोंद झालेली आहे. एकट्या भारतात हा आकडा हजाराच्या वर जातो.

यांचं आयुष्य दोन जगांत विभागलेलं असतं. अंडी, अळी आणि कोष या तीन अवस्था पाण्यात आणि शेवटचे थोडे दिवस हवेत. पंख फुटलेला कॅडिसफ्लाय चावत नाही, डंख मारत नाही आणि पिकाचं नुकसानही करत नाही. जोडीदार शोधणं, पाण्याजवळ अंडी घालणं आणि मरून जाणं, एवढंच त्याचं काम. संध्याकाळी दिव्यावर येणाऱ्या किड्यांच्या गर्दीत तो असतो, पण छोटा पतंग समजून कुणी त्याच्याकडे बघत नाही.

खरी कमाल आहे ती अळीची. फुलपाखराच्या अळीसारखीच तीही तोंडातून रेशीम काढते. फरक इतकाच, की ती हे काम पाण्याखाली करते. ओल्या जागी चिकटपट्टी लावून बघा, टिकत नाही. या अळीचं रेशीम मात्र वाहत्या पाण्यात दगडाला चिकटतं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये याचं कारण मांडलं. या रेशमातल्या प्रथिनांना फॉस्फेटचे गट जोडलेले असतात आणि ते पाण्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवतात. शस्त्रक्रियेत ओल्या जखमेवर वापरता येईल असा गोंद यातून बनवता येईल का, यावर विचार सुरू होण्यामागे हेच कारण आहे.

हे रेशीम वापरून काही अळ्या पाण्यात जाळं लावतात आणि वाहत येणारं अन्न त्यात पकडतात. काही वाळू, काड्या, पानांचे तुकडे चिकटवून अंगाभोवती नळीसारखं घर बांधतात आणि ते ओढत फिरतात. फ्रान्सच्या ह्युबर्ट दुप्रा या कलाकाराने १९८० च्या दशकात अशा अळ्यांना वाळूऐवजी सोन्याचे पत्रे आणि रत्नं दिली. अळ्यांनी त्याचंच घर बांधलं.

मग 'मायक्रो' कॅडिसफ्लाय वेगळा कसा?

कॅडिसफ्लायमधल्या एका कुळाचं नाव आहे हायड्रोप्टिलिडी. यातले बहुतेक किडे २ ते ५ मिलिमीटरचे. म्हणजे मोहरीच्या दाण्यापासून तांदळाच्या दाण्यापर्यंत. पण प्रजातींच्या संख्येत हेच कुळ सगळ्या कॅडिसफ्लायमध्ये पहिलं आहे. जगभरात २ हजारांहून जास्त प्रजाती. अंटार्क्टिका सोडली तर सगळ्या खंडांत हे किडे सापडतात.

यांच्या वाढीची पद्धत बाकी कॅडिसफ्लायपेक्षा वेगळी आहे. अळी मोठी होताना कात टाकते आणि अशा एकूण ५ अवस्थांतून जाते. इतर घर बांधणारे कॅडिसफ्लाय अंड्यातून बाहेर आले की लगेच बांधकामाला लागतात. मायक्रो कॅडिसफ्लायची अळी पहिल्या ४ अवस्था बिनघराची काढते. बारीक, सडपातळ, चपळ. हे चारही टप्पे ती झटपट उरकते.

पाचव्या अवस्थेत ती एकदम पालटते. पोट टम्म फुगतं, चाल मंदावते आणि मग ती रेशमाची छोटीशी पिशवी बांधते. या पिशवीला दोन्ही बाजूंनी फट असते. बहुतेक खाणंपिणं आणि वाढ याच टप्प्यात होते. शेवटी पिशवी दगडाला किंवा पाणवनस्पतीला चिकटवायची, तोंडं बंद करायची आणि आत कोषात जायचं. पूर्ण वाढ झाली की कोषातला किडा जबड्याने पिशवी फाडून बाहेर येतो, पोहत वर जातो आणि उडतो.

घराचा आकार बघून आतला किडा कोणत्या वंशाचा आहे याचा अंदाज येतो. 'हायड्रोप्टिला' वंशातल्या अळ्या पिशवीवर बारीक वाळू चिकटवतात. 'ऑक्सिएथिरा'चं घर चपट्या बाटलीसारखं, जवळपास पारदर्शक. 'ऑर्थोट्रिकिया'चं घर थेट जिऱ्याच्या दाण्यासारखं.

खाणंही मजेशीर. धाग्यासारखं वाढणारं हिरवं शेवाळ सगळ्यांनीच पाहिलंय. त्या धाग्यात एकापुढे एक पेशी असतात. हायड्रोप्टिलाची अळी एकेक पेशी फोडते आणि आतला रस शोषून घेते. शहाळ्याला भोक पाडून पाणी प्यावं तसं. काही वंशांतल्या अळ्या दगडावरचा निसरडा थर खरवडून खातात. ऑस्ट्रेलियात तर ऑर्थोट्रिकियाच्या काही अळ्या दुसऱ्या कॅडिसफ्लायच्या कोषावर जगताना सापडल्या आहेत.

बारामती-इंदापूरचं पाणी आणि हा किडा

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. पुरंदरमधून येणारी कऱ्हा बारामती शहरातून जाते आणि पुढे नीरेला मिळते. नीरा बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांच्या दक्षिणेकडून वाहते. तिच्या एका काठावर पुणे जिल्हा, दुसऱ्या काठावर सातारा आणि सोलापूर. इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा नरसिंहपूरला ती भीमेत जाते. तालुक्याच्या उत्तर आणि पूर्व बाजूला उजनीचा जलाशय. त्याच्याच काठावर भिगवण आणि कुंभारगाव, जिथे रोहित पक्षी बघायला राज्यभरातून लोक येतात.

याशिवाय इंग्रजांच्या काळापासून वाहणारा नीरा डावा कालवा, नदीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, ओढे, विहिरी आणि गावोगावची शेततळी आहेतच.

कोरडवाहू पट्ट्यात इतक्या प्रकारचं पाणी एकत्र असणं ही मोठी गोष्ट आहे आणि मायक्रो कॅडिसफ्लायच्या दृष्टीने यातली प्रत्येक जागा वेगळी आहे. हायड्रोप्टिलासारख्या वंशातल्या अनेक अळ्यांना वाहतं पाणी आणि शेवाळ धरलेले दगड लागतात. ऑक्सिएथिरा आणि ऑर्थोट्रिकियाचं पाणवनस्पती असलेल्या संथ पाण्यातही भागतं. 'स्टॅक्टोबिया' नावाचा वंश तर खडकावरून झिरपणाऱ्या पाण्याच्या पातळ थरात राहतो.

म्हणजे एखाद्या ठिकाणी कोणता वंश राहतोय यावरून त्या जागी वर्षभर काय घडत असतं याचा अंदाज येतो. बंधाऱ्याखाली पाणी खळाळतं की साचून राहतं? कऱ्हेसारखं एखादं पात्र किती महिने कोरडं पडतं? उजनीची पातळी उन्हाळ्यात किती खाली जाते?

उजनीचं उदाहरण घ्या. धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी. पण दर काही वर्षांनी 'उजनी मायनसमध्ये' ही बातमी येतेच. २०२४ च्या उन्हाळ्यातही आली. पाणी उतरलं की इंदापूर तालुक्यात पळसदेवचं बुडालेलं मंदिर वर येतं आणि त्याचे फोटो व्हायरल होतात. त्याच वेळी काठावरचे शेवाळाचे दगड आणि पाणवनस्पतीही उघड्या पडतात. पिशवी दगडाला चिकटवून कोषात गेलेल्या किड्याला पाण्यामागे पळता येत नाही.

पाण्याची तपासणी तर होतेच, मग किडे कशाला बघायचे?

हा प्रश्न रास्त आहे. पाण्याची तपासणी होते ती मुख्यतः रसायनांच्या अंगाने. बाटलीत नमुना घ्यायचा आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन किती, बीओडी किती हे मोजायचं. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. हा आकडा जितका जास्त, तितकं पाणी घाण. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार आंघोळीच्या पाण्यात लिटरमागे बीओडी ३ मिलिग्रॅम किंवा त्यापेक्षा कमी आणि विरघळलेला ऑक्सिजन ५ मिलिग्रॅम किंवा त्यापेक्षा जास्त असायला हवा.

हे आकडे महत्त्वाचे आहेतच. पण बाटलीतला नमुना म्हणजे नदीचा एक फोटो. तो घेतला त्या क्षणाचाच असतो. समजा रात्री कुणी नदीत सांडपाणी सोडलं. पाणी काळं पडलं, मासे मेले, सकाळी गावकऱ्यांनी तक्रार केली. नमुना घ्यायला माणूस येईपर्यंत वरून आणखी पाणी आलं आणि घाण पुढे वाहून गेली. अहवालात पाणी ठीकठाक निघू शकतं. नदीकाठच्या गावांना हा प्रकार नवा नाही.

किडा मात्र तिथेच असतो. काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत तो त्याच दगडावर राहतो. त्या काळात एकदा जरी ऑक्सिजन संपला किंवा विषारी काही वाहून गेलं, तरी नाजूक किडे मरतात आणि त्यांची जागा लगेच भरून निघत नाही. पाणी पुढे गेलं तरी किड्यांची गैरहजेरी मागे राहते. बाटली जर फोटो असेल, तर किडे म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग.

नीरेसारख्या नदीवर तर याचा आणखी एक उपयोग आहे. प्रदूषणाची ओरड झाली की प्रश्न येतो, घाण नेमकी कुठून आली? या काठावरून की त्या काठावरून, वरच्या तालुक्यातून की खालच्या? एखाद्या ओढ्याच्या किंवा नाल्याच्या तोंडाच्या वर आणि खाली, अशा दोन ठिकाणच्या दगडांवरचे किडे मोजले आणि वर १० कुळं, खाली २ कुळं असं चित्र निघालं, तर वादाला काहीतरी आधार मिळतो.

ही कल्पना जगात जुनी आहे. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून 'बीएमडब्ल्यूपी' नावाची गुणपद्धत रुजली. यात पाण्यातल्या प्रत्येक कुळाला १ ते १० गुण असतात. ज्याला स्वच्छ पाणीच लागतं त्याला जास्त, घाणीत तगणाऱ्याला कमी. ठिकाणी सापडलेल्या सगळ्या कुळांचे गुण जोडायचे, की पाण्याचा निकाल तयार.

भारतातही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने डच तज्ज्ञांच्या सहकार्याने यमुनेवर काम करून जैविक निकष ठरवले. त्यात किड्यांवरून पाण्याला ए ते ई अशा ५ श्रेणी देता येतात. म्हणजे पद्धत आपल्याकडे आहे. ती गावाजवळच्या नदीपर्यंत आणायला किडे ओळखणारी माणसं लागतात.

गोची इथेच आहे

बीएमडब्ल्यूपीमध्ये लाल अळीच्या, म्हणजे कायरोनोमिडच्या कुळाला २ गुण आहेत. तिच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. त्यामुळेच ती लाल दिसते आणि ऑक्सिजन जेमतेम असलेल्या गाळातही जगते. कॅडिसफ्लायमधल्या 'लेप्टोसेरिडी' या कुळाला पूर्ण १० गुण. जाळं लावणाऱ्या 'हायड्रोसायकिडी'ला ५.

आणि मायक्रो कॅडिसफ्लायला? ६.

धड पास नाही, धड नापास नाही. याचं कारण म्हणजे या एका कुळात सगळ्या प्रकारचे किडे आहेत. काहींना झऱ्याचं निर्मळ पाणी लागतं. काही मात्र शेतातून वाहून आलेल्या खतांवर पोसलेल्या शेवाळात आरामात जगतात.

बारामती-इंदापूरमध्ये हा मुद्दा कळीचा ठरतो. ऊस, द्राक्ष, डाळिंबाच्या शेतीतून नत्र आणि स्फुरद पाण्यात उतरलं की धाग्यासारखं शेवाळ वाढतं. शेवाळ वाढलं की ते खाणाऱ्या काही मायक्रो कॅडिसफ्लायना मेजवानीच. म्हणजे एखाद्या ठिकाणी हे किडे भरपूर दिसले म्हणून 'पाणी स्वच्छ आहे' असं जाहीर केलं, तर ती घोडचूक ठरेल. दुसऱ्या बाजूला, इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशकं पाण्यात गेली तर कॅडिसफ्लायच्या अळ्यांना ती घातक ठरतात. म्हणजे खत वाढवतंय आणि औषध मारतंय, असं दोन्ही एकाच ओढ्यात घडू शकतं.

म्हणून 'हा मायक्रो कॅडिसफ्लाय आहे' एवढं सांगून भागत नाही. कोणता वंश, कोणती प्रजाती, हे कळलं तरच त्याची साक्ष ग्राह्य धरता येईल. वर्गीकरण हा विषय इथे पुस्तकातून थेट नदीकाठी येतो.

ओळखणं इतकं अवघड का?

वर्गीकरण म्हणजे पत्ता लिहिण्यासारखं आहे. गण म्हणजे जिल्हा, कुळ म्हणजे तालुका, वंश म्हणजे गाव आणि प्रजाती म्हणजे घर. मायक्रो कॅडिसफ्लायचा तालुका पटकन सापडतो. भिंगातून बघितलं की पंख अरुंद, टोकदार आणि कडेला लांब केसांची झालर दिसते. गावही अळीच्या पिशवीवरून बऱ्याचदा कळतं. घर शोधताना मात्र घाम फुटतो.

दोन प्रजाती रंगाने, आकाराने अगदी सारख्या दिसतात. फरक असतो तो नराच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या जननेंद्रियांच्या रचनेत. ३ मिलिमीटरच्या किड्याचं पोट वेगळं काढायचं, रसायनात ठेवून पारदर्शक करायचं, सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक काटा-वळण बघायचं आणि जुन्या शोधनिबंधांतल्या चित्रांशी ताडून बघायचं. मादी असेल तर काम आणखी कठीण. अळी असेल तर बऱ्याचदा वंशाच्या पुढे जाताच येत नाही.

आणि अडचण बघा. पाण्याची परीक्षा घ्यायला सापडते अळी, नाव असतं नराचं. ही अळी त्याच नराच्या प्रजातीची आहे हे जोडायचं कसं? एक मार्ग म्हणजे पिशवीतला कोष अगदी तयार झाल्यावर पकडायचा. त्यात अळीच्या कातीचे तुकडेही असतात आणि नराची रचनाही. दुसरा मार्ग डीएनए बारकोडिंगचा. दुकानातल्या वस्तूवरच्या बारकोडसारखा डीएनएचा एक ठरलेला तुकडा वाचायचा. अळीचा आणि नराचा तुकडा जुळला, की दोघं एकाच घरचे. पण यंत्राला उत्तर देता यावं यासाठी आधी कुणीतरी नर नीट ओळखून त्याचा बारकोड यादीत टाकलेला असावा लागतो. ओळखणाऱ्या माणसाची गरज संपत नाही.

या कुळाची मुळं तर शास्त्रज्ञांनाही अनेक वर्षं चकवत होती. कॅडिसफ्लायचे ढोबळ दोन गट पडतात. एक जाळं लावून एका जागी राहणारे, दुसरे घर पाठीवर घेऊन फिरणारे. मायक्रो कॅडिसफ्लाय चार अवस्था बिनघराचे आणि पाचवीत घरवाले. मग यांना कोणत्या रांगेत बसवायचं? काहींनी अशा मधल्या कुळांचा तिसराच गट केला. अलीकडे डीएनएवर आधारित अभ्यासांत असं चित्र पुढे येतंय, की हे सगळे घरवाल्यांच्याच मोठ्या फांदीच्या बुंध्याजवळचे आहेत.

भारतातल्या कॅडिसफ्लायची माहिती ज्यांच्यामुळे वाढली त्यातलं एक ठळक नाव म्हणजे फर्नांड श्मिड. मूळ स्वित्झर्लंडचे आणि पुढे कॅनडात काम केलेले हे कीटकशास्त्रज्ञ १९५० आणि ६० च्या दशकांत भारतीय उपखंडात हिंडले आणि त्यांनी शेकडो नव्या प्रजातींचं वर्णन केलं. नंतर पटियाळाच्या पंजाबी विद्यापीठातल्या संशोधकांनी या गटावर बरंच काम केलं. पण अभ्यासकांची पावलं साहजिकच आधी डोंगरांकडे वळतात. हिमालय, ईशान्य भारत, पश्चिम घाट. तिथे झरे आहेत, विविधता आहे आणि नवी प्रजाती मिळण्याची शक्यताही. दख्खनच्या पठारावरच्या, बंधाऱ्यांनी अडवलेल्या, उसाच्या फडांमधून जाणाऱ्या नदीच्या वाट्याला हे कौतुक कमीच येतं. खरं तर साक्षीदारांची गरज तिथेच जास्त आहे.

मग इथे काय करता येईल?

बारामतीत कॉलेजं आहेत, कृषी विज्ञान केंद्र आहे. माळेगाव खुर्दला अजैविक ताण व्यवस्थापनावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. इंदापुरातही विज्ञान शाखेची मुलं आहेत. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच, आकुर्डीला आहे. म्हणजे सूक्ष्मदर्शक, माणसं आणि तज्ज्ञ, यातलं काहीच फार लांब नाही.

सुरुवात साधी असू शकते. नीरेवर, कऱ्हेवर आणि उजनीच्या काठावर काही जागा ठरवायच्या. पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, अशी वर्षातून तीनदा त्याच जागी तीच पद्धत वापरून पाहणी करायची. अळ्या दगडावरून आणि पंखवाले किडे रात्री दिव्यावरून गोळा करायचे. तारीख, जागा, पाण्याची स्थिती लिहून ठेवायची. नमुने अल्कोहोलमध्ये ठेवून तज्ज्ञांकडे द्यायचे. एका वर्षात यादी तयार होईल. यादीचा खरा उपयोग पाच वर्षांनी होईल, जेव्हा 'आधी इथे काय होतं' असं विचारल्यावर उत्तर हातात असेल.

ज्यांना नुसतं बघायचंय त्यांच्यासाठीही मार्ग आहे. पाणी कमी आणि नितळ असेल तेव्हा, सोबत कुणीतरी असताना, काठाजवळच्या उथळ खळाळत्या भागातला तळहाताएवढा दगड उचला. पांढऱ्या ताटलीत नदीचंच थोडं पाणी घेऊन त्यात तो हलकेच धुवा. पाच मिनिटं शांत बसा. एखादा वाळूचा कण किंवा जिऱ्याचा दाणा चालायला लागला, तर समजा भेट झाली. मोबाईलला लावायची साधी मॅक्रो लेन्स असेल तर फोटोही निघेल. फोटोवरून प्रजाती सांगणारं कुणी भेटलं तर विश्वास ठेवू नका, पण वंशापर्यंतचा अंदाज येऊ शकतो. बघून झालं की दगड आणि पाणी जिथून घेतलं तिथेच परत ठेवा. मयूरेश्वर अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय काहीही गोळा करायचं नाही, हेही लक्षात असू द्या.

आणि पुढच्या वेळी नदीकाठी किड्यांचा थवा दिसला, तर 'डासांचं वादळ' म्हणून फॉरवर्ड करण्याआधी विचारा, हे कोण आहेत? कारण औषध फवारून थवा गायब होईल, पण ज्या पाण्याने तो तयार केला ते पाणी तसंच वाहत राहील.

थोडक्यात सांगायचं तर

उजनीतल्या लाल अळ्यांनी सांगितलं की पाणी बिघडलंय. ही बातमी आपल्याला उशिरा मिळाली. ज्या दिवशी नीरेच्या एखाद्या बंधाऱ्याखालच्या दगडावरून एक ठरावीक प्रजाती गायब झाली आणि ते कुणाच्या तरी वहीत नोंदलं गेलं, त्या दिवशी ही बातमी वेळेत मिळायला लागेल. त्यासाठी कोट्यवधींची योजना लागत नाही. एक भिंग, एक वही आणि त्या किड्याचं नाव माहीत असलेला माणूस, इतकंच लागतं. यातलं भिंग आणि वही दुकानात मिळते. माणूस मात्र घडवावा लागतो.